ओरखडे राहू दे

परवा तू मोबाइलवर फोटो पाठवलास. औशाजवळच्या गोठ्यातून एफसी काढलीस, ट्रकवर चढवलीस आणि लातूरच्या एमआयडीसीतल्या शेडात आणून उभी केलीस. फोटोखाली लिहिलंस, "मामा, सहा महिन्यांत नवीकोरी करतो आणि पुण्या-मुंबईच्या शोमध्ये नेतो." वाचून फार आनंद झाला, पण 'नवीकोरी' हा शब्द वाचून पोटात गोळाही आला. म्हणून हे कागदावर लिहून पाठवतोय. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि निम्मं विसरतोस. हा कागद शेडाच्या भिंतीला चिकटव.

पहिले पंधरा दिवस पान्याला हात लावू नकोस, नुसती बघ. रोज एक बाजू घे, जवळून फोटो काढ, वहीत लिही. कुठली वायर कुठून जाते, कुठल्या नळीला कसली क्लिप आहे, कुठला बोल्ट चौकोनी डोक्याचा आहे, सगळं. खोलायला लागलास की प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेव. जो बोल्ट परत लावता येत नाही त्याला तारेनं पत्र्याची चिठ्ठी बांध. कागदाची बांधू नकोस, रॉकेलचा हात लागला की अक्षरं जातात. आमच्या उस्तादांनी नांदेडच्या गॅरेजात मला पहिले तीन महिने एवढंच करायला लावलं होतं. तेव्हा राग यायचा.

आता तुझ्या शेडात काय उभं आहे ते नीट समजून घे. ही विलीज जीपच्या घराण्यातली गाडी. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधल्या पेटीत असतं. अमेरिकेत ब्रुक्स स्टीव्हन्सनं तिचं रूप ठरवलं, 1957 ते 1965 तिथं ती विकली गेली आणि मग बंद पडली. महिंद्रा कंपनी 1947 पासून आपल्याकडे विलीज जीप जोडत होतीच, 1965 पासून ती मालवाहू गाड्यांतही उतरली आणि एफसी आपल्या रस्त्यांवर आली. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्सचे पार्ट जुन्या पेट्रोल जीपचे चालतात, ते हैदराबाद-मुंबईच्या जुन्या बाजारात अजून मिळतील. केबिनचं मात्र तसं नाही. पुढची काच, तिचं रबर, दाराची कुलपं, मीटरची चकती फुटली तर दुसरी मिळणं कठीण. म्हणून काच काढताना घाई नको. रबर वाळून दगड झालेलं असेल तर ते कापून फेक, पण काच सलामत ठेव. आणि कुणी मंडी डबवालीहून तयार बॉडी मागवतो म्हणाला तर हात जोड. तिथले कारागीर हुशार आहेत, पण नवी बॉडी चढली की तुझी गाडी गेली.

आता रंग. मी ती गाडी नांदेडच्या एका आडत्याकडे आठ वर्षं चालवली. तेव्हा ती फिक्या हिरव्या रंगाची होती आणि दोन्ही दारांवर पेंटरनं ब्रशनं काढलेली दुकानाची अक्षरं होती, पिवळी, काळ्या सावलीची. तुझ्या फोटोत ती लाल दिसते. म्हणजे वरून किमान दोन-तीन हात तरी बसलेत. थिनर लावलास तर सगळं एकदम सुटेल आणि अक्षरंही जातील. त्यापेक्षा असं कर. दाराच्या मध्यावर रुपयाएवढी जागा घे. आठशेचा पाण्याचा पॉलिश पेपर, बादलीत साबणाचं पाणी, आणि बोटानं गोल गोल. लाल गेला की थांब, पुसून बघ. मग हजाराचा, मग दीड हजाराचा. रंगाच्या कडा एकाबाहेर एक अशा वर्तुळांत दिसायला लागतील, लाकडाच्या ओंडक्यावर दिसतात तशा. हिरवा दिसला की तिथंच थांब, आणि ती जागा दर दिवशी दोन बोटं वाढव. एका दाराला महिना लागेल. लागू दे. अक्षराची एक पिवळी कड जरी वर आली, तरी तुझ्या गाडीकडे जे आहे ते कुठल्याही दुकानात विकत मिळणार नाही.

जुन्या गाड्यांच्या जगभरच्या संघटनांची मिळून फिव्हा म्हणून एक संस्था आहे, 1966 पासूनची. तिनं 2012 साली ट्युरिनचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचा गाभा एवढाच, की मूळचं जे शिल्लक आहे ते आधी जपा, बदल कमीत कमी करा, आणि जो कराल त्याची नोंद ठेवा. चांगल्या शोमधले परीक्षकही आता चकचकीतपणावर भुलत नाहीत. नळीची क्लिप मूळची आहे का, वायरवर कापडी आवरण आहे का, चासी नंबरची पट्टी जागेवर आहे का, हे ते वाकून बघतात. तू सगळं नवं करून गेलास तर नव्या पत्र्याच्या गाडीला ते काय विचारणार?

हौद्याच्या डाव्या बाजूला आतून लांब, तिरके ओरखडे आहेत, पाच-सहा, जवळपास हातभर. फाळक्याच्या मधोमध एक पोचा आहे. तू लिहिलंस, डेंटर म्हणतो दोन तासांत काढतो. त्याला काढू देऊ नकोस. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. तू तेव्हा पाळण्यात होतास. नांदेडलाही आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी मालकानं गाडी दिली आणि आम्ही लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करत पत्रे घेऊन गेलो, लोकांना आडोसा करायला. पत्रे हौद्यापेक्षा लांब होते, दोरानं आवळले तरी खड्ड्यात सरकायचे. ते ओरखडे त्या पत्र्यांच्या कडांचे आहेत. पोचा परतीच्या वेळचा. एका घराचं सागवानी आडं म्हाताऱ्या मालकानं सोडायला नकार दिला, आम्ही ते त्याच्या लेकीच्या गावाला पोचवलं, उतरवताना ते फाळक्यावर पडलं. आडं पडलं तेव्हा म्हातारा काही बोलला नाही, फक्त त्याला कुठं चीर गेली का ते हात फिरवून बघत बसला.

ओरखड्यांच्या आणि पोच्याच्या जागेवर गंज असेल तर तो थांबव. गंजावर मऊ पितळी ब्रश फिरव, फॉस्फोरिक ॲसिडचं पातळ गंजनाशक कापसानं लाव, पाण्याच्या फडक्यानं पूस, वाळव, आणि वरून बिनरंगी मेणाचा हात दे. बास. प्रायमरही नको.

बाकीचा पत्रा. सँड ब्लास्टिंग फक्त चासीला आणि चाकांच्या डिस्कला. मी एकदा एका जीपचं बॉनेट ब्लास्टिंगला दिलं आणि जोर वाढवायला मीच सांगितलं. परत आलं ते पापडासारखं लहरी होऊन. पातळ पत्रा त्या माऱ्यानं ताणला जातो, मग कितीही ठोक, बसत नाही. ते बॉनेट दुसऱ्याच्या बापाची आठवण होती, मला आजही टोचतं. जिथं पत्रा खरंच सडलाय तिथं कापून त्याच जाडीचा तुकडा गॅस वेल्डिंगनं लाव. आधी कुणी लांबी भरलीय का ते लोहचुंबकानं बघ. चुंबक जिथं धरत नाही तिथं खाली भोक आहे असं समज.

आपल्याकडे गंज कुठून येतो, तर काळ्या मातीतून. ती मडगार्डच्या वरच्या खाचेत, पायरीच्या आत, चासीच्या जोडात जाऊन बसते. वरून वाळलेली दिसते, आत ओल महिनोन्महिने धरून ठेवते. तिथं बोट घाल, स्क्रू ड्रायव्हरनं उकर, पाण्याची निचऱ्याची भोकं मोकळी कर. दर दसऱ्याला हे काम कायमचं लावून घे. जळकं ऑइल चासीला फासायची आपल्याकडे सवय आहे, आम्हीही केलं. पण त्यानं पाट्यांचे बुश आणि सगळी रबरं फुगतात, आणि धूळ बसून लगदा होतो. ते बंद.

पाण्याचं तर लातूरकराला मी काय सांगू. 2016 च्या एप्रिलात तुमच्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तुझ्या शेडातलं बोअरचं पाणी खोलवरचं आणि जड आहे. ते रेडिएटरमध्ये एकदाही घालू नकोस, आतल्या नळ्यांत क्षार बसतो आणि मे महिन्यात इंजिन उकळतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. बोअरच्या पाण्यानं धुतलेल्या रंगावरही उन्हात पांढरे ठिपके उठतात. त्यामुळे पाइप लावून धुणं सोड. आधी मोरपिसानं नाहीतर मऊ ब्रशनं धूळ झटक, मग ओल्या सुती फडक्यानं, आणि लगेच कोरड्यानं.

इंजिनाला घाईनं सेल मारू नकोस. हे हरिकेन इंजिन, 2.2 लिटरचं, इनटेकचे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये. वर्षानुवर्षं उभी गाडी म्हणजे ब्लॉकमधले व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगा धरलेल्या असणार. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल निम्मं-निम्मं करून तीन-चार चमचे सोड, आठवडाभर थांब. मग क्रँकच्या नटाला पाना लावून हातानं, थोडं पुढं थोडं मागं. अडलं तर जोर नको, पुन्हा तेल. फिरायला लागलं की बाजूचं झाकण उघडून व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते डोळ्यांनी बघ. नवं ऑइल घातल्यावर प्लग न लावताच सेल मार, ऑइलचा काटा हलला की मगच प्लग लाव. फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन, भिंतीवर खडूनं लिहून ठेव. गिअरबॉक्सला जीएल-4 चं 90 नंबर ऑइल. दुकानदार जीएल-5 देईल, ते आतल्या पितळी रिंगांना खातं.

पेट्रोलची टाकी तळाशी गाळ धरून असेल. तिला वेल्डिंग लावायची वेळ आली तर आधी साबणाच्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुवायची, आणि वेल्डिंगच्या वेळी पाण्यानं जवळपास भरलेली ठेवायची. नुसती धुऊन-वाळवून भागत नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ असते. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. सगळ्या नळ्या व्हायटनच्या कर, पंपाचा डायफ्रॅम नवा घाल, आणि महिनाभर गाडी हलणार नसेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेव.

ब्रेकचे ड्रम उघडलेस की कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुप्फुसात बसते. तोंडाला मास्क लाव आणि ओल्या फडक्यानं पूस. आमच्या पिढीनं ती तोंडानं फुंकली. उस्तादांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

हौद्याच्या तळाला बाभळीच्या फळ्या आहेत, मालकानं मुद्दाम टाकून घेतलेल्या. त्यांना वॉर्निश नको, जवसाचं तेल. उकळवलेलं, थोडं टर्पेंटाइन घालून, पातळ हात, दोन दिवस वाळू दे, पुन्हा हात. पण एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. ज्या चिंध्यांनी तेल लावशील त्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा झालेली चिंधी काडी न लावता पेटते. प्रत्येक चिंधी पसरून बाहेर दोरीवर वाळव, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडव.

कागद. 2021 च्या जुलैत केंद्रानं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाडीची वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी, शो-रॅलीला मुभा. पण त्या व्याख्येत दुचाकी आणि माणसं नेणाऱ्या खासगी चारचाकी धरल्यात. तुझी गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे. तेव्हा गाडीचं नोंदणी पुस्तक घेऊन आधी लातूरच्या आरटीओत जा, लेखी विचार, मगच पैसे खर्च कर. तोवर चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घे, आणि तिथं ना ग्राइंडर ना रंग.

शोला चालवत नेऊ नकोस, ट्रकवर ने. शेवटचे चार-पाच किलोमीटर चालव, इंजिन तापून आवाज सुधारतो. रिकाम्या हौद्यानं जोरात ब्रेक दाबलास तर ही गाडी मागून उचलते, सगळा भार पुढं आहे. मागच्या ॲक्सलवर वाळूची दोन पोती टाक. उभी केल्यावर इंजिनाखाली परात ठेव, जुनं इंजिन ठिबकणारच. आणि पाटीवर गाडीची माहिती लिहिशील त्यात ओरखड्यांचं लिही, गावाच्या नावासह.

फाळक्याची डावी साखळी नवी दिसतेय ना? ती मीच बदलली होती, सागवानी आडं पडलं त्या दिवशी मूळची तुटली. तुटलेली मी फेकली नाही. ग्रीस लावून गोडेतेलाच्या डब्यात ठेवलीय, माळ्यावर. रविवारी सकाळच्या गाडीनं घेऊन येतो. एक कडी सांधावी लागेल, गॅसवाल्याला बोलावून ठेव.