घरगुती आरोग्यसल्ल्यातील खरे आणि खोटे
(प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांसाठी अभ्यासपाठ)

गैरहजर विद्यार्थ्याविषयी चौकशी केली असता शिक्षकास बहुधा दोन गोष्टी कळतात. मूल कोणत्या दुखण्याने अंथरुणास खिळले आहे ही पहिली, आणि त्यावर घरी काय उपाय चालला आहे ही दुसरी. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक लक्ष देऊन ऐकण्यासारखी असते. जुलाब होत आहेत म्हणून पाणी बंद केले आहे, कावीळ झाली म्हणून गळ्यात माळ घातली आहे, गोवर म्हणजे देवीचा फेरा म्हणून औषध द्यावयाचे नाही, अशक्तपणा आहे म्हणून सलाईनची बाटली लावून आणली आहे, अशी उत्तरे अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) कोणत्याही तालुक्यात आजही कानी पडतात. त्यांत आता भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांची भर पडली आहे. आजीच्या सल्ल्याला निदान आजी जबाबदार असे. या संदेशांना कोणीच जबाबदार नसते.

अशा समजुतींना सरसकट अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यामुळे मुलाच्या आईचे मन दुखावते, आणि समजूत होती तेथेच राहते. समजूत कशी बदलते याचा एक मोठा दाखला याच जिल्ह्यात घडलेला आहे, व तो शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तालुका अवर्षणाचा, रस्ते तुटपुंजे, आणि बालमृत्यूंचे प्रमाण भयंकर. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. प्रारंभी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहण्यात आल्या. पण परक्या तरुणीचा सल्ला गावातील स्त्रियांच्या गळी उतरेना. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी व तिला शिकवून तयार करावे, असा मार्ग निघाला. निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकजणी समाजाने अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत, आणि परत जाऊन शेजारणींना सांगत. १९९६ पर्यंत हजारी १७६ ही बालमृत्यूंची संख्या २६ वर आली. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ साली देशभर ज्या ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या जाऊ लागल्या, त्यांच्यामागील कल्पनेशी जामखेडचे नाते जवळचे आहे.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या आरोग्यसेविका स्वतः त्याच समजुतींत वाढलेल्या होत्या. गरोदरपणी पोटभर जेवल्यास मूल मोठे होते व बाळंतपण अडते, ही त्यांच्याही घरातली शिकवण होती. ही समजूत खोटी असली तरी तिच्या मुळाशी असलेली भीती खोटी नव्हती. अडलेल्या बाळंतपणात स्त्रिया मरताना त्यांनी पाहिल्या होत्या, आणि रुग्णालय कोसच्या कोस दूर होते. कमी जेवल्याने बाळंतपण सुलभ होत नाही. आईच्या अंगातील रक्त मात्र कमी होते, मूल अपुऱ्या वजनाचे जन्मते, आणि बाळंतपणातील रक्तस्राव तिला सोसवत नाही. हे त्या स्त्रियांना पटले ते व्याख्यानाने नव्हे. नीट जेवलेल्या, तपासणी झालेल्या शेजारणीचे बाळंतपण सुखरूप झालेले त्यांनी पाहिले, तेव्हा पटले.

आता जुलाबाचा विचार करू. पाणी बंद करण्याची समजूत निरीक्षणातूनच जन्मली आहे. मुलाला पाणी पाजले की थोड्याच वेळात त्याला शौचास होते हे आई डोळ्यांनी पाहते, आणि पाणी थांबविले तर जुलाब थांबतील असा तर्क करते. तर्कातील चूक एवढीच की, मूल मरते ते जुलाब झाले म्हणून नव्हे, तर अंगातील पाणी व क्षार निघून गेले म्हणून. सच्छिद्र घागरीत पाणी ओतणे बंद केल्याने छिद्र बुजत नाही. घागर मात्र रिकामी होते. हा प्रयोग वर्गात एका डब्याला तळाशी बारीक भोक पाडून सहज दाखविता येतो. एका डब्यात जेवढे गळते तेवढे वरून ओतीत राहावे, दुसऱ्यात ओतू नये. लहान मुलांनाही यातील अर्थ चटकन उमगतो.

नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचे पाणी अधिक उपयोगी पडते, याचेही कारण समजावून द्यावे. आतड्याच्या अस्तरातून साखर आत शोषली जाताना आपल्याबरोबर मिठातील सोडियम ओढून नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाब चालू असतानाही हे दार बहुधा उघडेच असते. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातलगांकरवी पाजविले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. औषध देणारे हात नातलगांचे होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

घरी करावयाचे प्रमाण असे : उकळून निवविलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. चवीला ते अश्रूंहून खारट लागता कामा नये. मीठ वाढविल्यास गुण वाढत नाही, अपाय होतो. आरोग्य केंद्रातून मिळणारी पुडी असल्यास ती अधिक चांगली. तिच्यावर लिहिलेल्या मापाइतकेच पाणी घ्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे, आणि केंद्रातून मिळणाऱ्या जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण द्याव्यात. मूल पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, लघवी होत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर घरच्या उपायावर विसंबून राहू नये. जाता जाता हेही नमूद केले पाहिजे की, भाताची पेज, मुगाचे कढण, मीठ घातलेले ताक हे आजीबाईंचे जुलाबावरील उपाय चांगलेच आहेत. जुने म्हणून खोटे, असा नियम कोठेही नाही.

काविळीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे खोट्या उपायाचा गुण डोळ्यांना दिसतो. काविळीची माळ उतरविणारा मनुष्य रुग्णाच्या डोक्यावर वा गळ्यात ओल्या काड्यांच्या तुकड्यांची माळ घालतो. दिवस जातात तशी माळ वाढत जाते, पोटापर्यंत लोंबू लागते, आणि ‘कावीळ माळेत उतरली’ असे सर्वजण म्हणतात. वस्तुतः ओल्या काड्या दोऱ्याच्या सरकफासांत घट्ट आवळलेल्या असतात. काड्या वाळून बारीक झाल्या की फास सैल पडतात व दोरा लांबतो. माळ खुंटीवर टांगली तरी ती तितकीच वाढते. दुसरा प्रकार हात धुण्याचा. तळहातास आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो. चुन्याच्या निवळीत हात धुताच पाणी पिवळे होते. निरोगी माणसाच्या हातांनीही ते तसेच पिवळे होईल.

मग रुग्ण बरा कसा होतो? दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ, म्हणजे यकृताला सूज आणणारे ‘अ’ व ‘ई’ प्रकारचे विषाणू, बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत शरीर आपले आपणच नाहीसे करते. माळ घातली तरी बरे होते, न घातली तरी होते. श्रेय मात्र माळेकडे जाते. यात कोणी म्हणेल की माळेने बिघडले काय? बिघडते ते असे. कावीळ हे एका रोगाचे नाव नव्हे, ते लक्षण आहे. पिवळे द्रव्य रक्तात साठले की डोळे पिवळे दिसतात, मग कारण विषाणू असो, पित्तनलिकेतील खडा असो वा गाठ असो. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत ‘ई’ प्रकारची कावीळ झालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. अशा स्त्रीचा एक आठवडा माळ वाढण्याची वाट पाहण्यात गेला, तर तो परत मिळत नाही. काही ठिकाणी पाल्याचा रस नाकात किंवा डोळ्यांत घालतात. त्याने डोळा कायमचा जायबंदी होण्याचा धोका आहे. हळद वर्ज्य करण्यात मात्र हानीही नाही आणि लाभही नाही. डोळ्यांच्या पिवळेपणाशी हळदीच्या रंगाचा काडीइतकाही संबंध नाही. एकाच वस्तीत दोन-चार मुलांना कावीळ झाल्याचे दिसल्यास मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीस व आरोग्य उपकेंद्रास त्वरित कळवावे, कारण दोष पिण्याच्या पाण्यात असण्याचा संभव मोठा.

सर्पदंशातही हाच हिशेब आहे. बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष टोचतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी पुष्कळजण जगतात व मंत्राची कीर्ती वाढते. नाग, मण्यार, घोणस वा फुरसे यांनी खरोखर विष टोचले असेल, तर मात्र प्रतिविषाच्या इंजेक्शनावाचून उपाय नाही. दंशाच्या जागी कापणे, चोखणे, दोरीने करकचून आवळणे हे तिन्ही उपाय अपायकारक आहेत. रुग्णास धीर द्यावा, चावलेला अवयव पट्टीच्या आधाराने स्थिर ठेवावा, त्यास चालू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालयात न्यावे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात व कोपीत जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री झोपेत चावते, वेदना फारशी होत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते व पापण्या जड होतात. ही लक्षणे त्या मुलांना तोंडपाठ असली पाहिजेत. साप, विंचू वा कुत्रे चावलेल्यास वैद्यकीय उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविलेला आहे. कुत्रे चावल्यास जखमेवर हळद, मिरची वा चुना भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. पोटात चौदा इंजेक्शने टोचतात ही भीती आता जुनी झाली; हल्लीची लस दंडात, चार-पाच वेळांतच दिली जाते.

केवळ जुन्याच समजुती खोट्या असतात असे नव्हे. ‘सलाईन लावले की ताकद येते’ ही समजूत दवाखान्यांबरोबरच खेड्यांत आली. मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ व बाकी पाणी असते. साखरेच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, आणि तिच्यापासून सुमारे शंभर उष्मांक मिळतात. ज्वारीच्या एका भाकरीत याहून अधिक शक्ती आहे. ज्यास उलट्यांमुळे तोंडाने काही घेता येत नाही किंवा जो पाणी आटून बेशुद्ध होत आहे, त्यास हीच बाटली जीवदान देते. चालत दवाखान्यात आलेल्या थकलेल्या शेतमजुरास ती फक्त दिवसाच्या मजुरीस मुकविते. सर्दीपडशावर प्रतिजैविकांच्या गोळ्या मागून घेणे हेही याच जातीचे आहे. सर्दी विषाणूंनी होते व या गोळ्या विषाणूंवर चालत नाहीत.

इयत्ता चौथी व त्यापुढील वर्गांसाठी माळेचा प्रयोग शाळेत करता येईल. कोणत्याही बिनविषारी झुडपाच्या ओल्या, कोवळ्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे वीस-पंचवीस तुकडे करून ते दोऱ्याच्या सरकफासांत आवळावेत. अशा दोन माळा कराव्यात. पहिली वर्गाच्या खिडकीशी टांगावी. दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावी. पहिल्या दिवशी दोन्हींची लांबी मोजून फळ्याच्या कोपऱ्यात लिहावी, आणि पुढे आठ दिवस रोज परिपाठानंतर एका विद्यार्थ्याने मोजपट्टीने ती मोजून आकडा खाली लिहीत जावा. आठव्या दिवशी पालकांना बोलावून दोन्ही माळा त्यांच्या हाती द्याव्यात व आकडे मुलांनाच वाचून दाखवू द्यावेत.