थरावर थर

मंडळी, आजचा धडा आमच्या कानापासून सुरू होतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षांत आम्हाला कमी ऐकू येऊ लागले. रात्रीच्या साक्षरता वर्गात मागून कोणी विचारी, "गुरुजी, हितं काना द्यायचा का?" आम्हाला ऐकू येई, "पाणी द्यायचं का?" आम्ही म्हणत असू, "माठ भरलाय, घ्या." वर्गात हशा पिके. आम्हीही हसत असू, पण मनात वाईट वाटे. मास्तरला प्रश्नच ऐकू आला नाही, तर तो शिकवणार काय?

मग मुलाने शहरात नेले. आधी कानाचे तयार यंत्र घेतले. ते सैल बसे आणि मधूनच शिट्टी वाजवी. दुसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी आमच्या कानात मऊ लगदा भरून कानाचा ठसा घेतला. काही दिवसांनी त्या ठशाबरहुकूम यंत्र आले. शेंगेत दाणा बसावा तसे ते कानात बसले. बाई म्हणाल्या, "गुरुजी, याचं कवच छापलेलं आहे."

छापलेले? आम्ही जन्मभर छापलेली पुस्तके पाहिली. छापलेली वस्तू कधी ऐकली नव्हती. मग आम्ही चौकशी केली, थोडे वाचले. त्यातून जे समजले, ते तुम्हाला सांगतो.

वस्तू करण्याच्या तीन रीती

पहिली रीत काढून टाकण्याची. सुतार लाकूड तासतो. पाथरवट दगड घडवतो. कारखान्यातला कामगार लेथवर लोखंड कापतो. नको ते निघाले, की हवे ते उरते. खाली ढलप्यांचा नाही तर चुऱ्याचा ढीग पडतो.

दुसरी रीत साच्याची. प्लास्टिकची बादली अशीच होते. साचा करायला खर्च फार. पण एकदा साचा झाला, की एकसारख्या हजारो बादल्या निघतात.

तिसरी रीत भर घालण्याची. ती तर आपल्या घरातच आहे. मावशी मातीची चूल घालतात, तेव्हा काय करतात? मातीचा एक थर देतात. तो जरा आवळला, की वर दुसरा देतात. मातीची भिंतही अशीच चढते. यात तासून टाकायचे फारसे काही नसते. लागेल तेवढीच माती घ्यायची.

नव्या यंत्राने ही तिसरी रीत उचलली आहे. या यंत्राला थ्री-डी प्रिंटर म्हणतात. आपण त्याला थरांचे छपाई यंत्र म्हणू.

यंत्र काम कसे करते?

आधी संगणकावर वस्तूचे चित्र काढतात. त्यात लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही मापे असतात. आपण काकडीच्या चकत्या करतो ना? तशा संगणक त्या चित्राच्या आडव्या, पातळ चकत्या पाडतो. मग यंत्र सर्वांत खालची चकती आधी करते. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. अशा शेकडो चकत्या चढल्या, की वस्तू तयार.

थर देण्याच्या मुख्य तऱ्हा तीन.

एक, सोऱ्याची. यंत्र प्लास्टिकची तार वितळवते आणि बारीक तोंडातून चकलीसारखी बाहेर सोडते. ती लगेच थंड होऊन घट्ट होते.

दोन, उजेडाची. एक चिकट, पातळ पदार्थ असतो. त्यावर ठरावीक उजेड पडला, की तेवढाच भाग कडक होतो. कानाच्या यंत्राचे कवच बहुधा असेच करतात.

तीन, भुकटीची. धातूची बारीक भुकटी पसरतात. तिचा थर केसाहूनही पातळ असतो. लेझर नावाचा प्रखर किरण चित्राप्रमाणे तिच्यावर फिरतो. तो फिरेल तिथली भुकटी वितळून एकजीव होते. बाकीची सुटी राहते. ती गोळा करून बरीचशी पुन्हा वापरता येते.

ही विद्या आली कुठून?

अमेरिकेत चक हल नावाचे एक इंजिनिअर आहेत. उजेडाने पदार्थ कडक करून त्यांनी १९८३ साली एक लहानशी वाटी केली. १९८६ साली त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला ठरावीक वर्षे मिळणारा सरकारी हक्क. त्या काळात दुसऱ्या कोणी परवानगीशिवाय तो शोध वापरायचा नसतो.

सोऱ्याची तऱ्हा स्कॉट क्रंप या दुसऱ्या अमेरिकन इंजिनिअरनी काढली. १९८८ साली त्यांनी आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला घेतला. गरम गोंद सोडणारे साधे हत्यार हाती घेऊन त्यांनी थरावर थर दिले. लेकीच्या खेळण्यातून पुढे मोठा धंदा उभा राहिला. त्यांच्या मूळ पेटंटची मुदत २००९ साली संपली. मग पुष्कळांना तशी यंत्रे करता आली आणि किंमत उतरली.

अग्निबाणाचे इंजिन

आता आपल्या देशातली गोष्ट ऐका. आपली इस्रो ही संस्था पीएसएलव्ही नावाचे अग्निबाण आकाशात सोडते. त्याच्या शेवटच्या, चौथ्या टप्प्याला एकसारखी दोन इंजिने लागतात. पूर्वी असे एक इंजिन १४ भाग जोडून करीत. नव्या रीतीने ते एकसंध छापले. त्यामुळे जोडकामातले १९ सांधे वाचले. सांध्याचे महत्त्व शेतकऱ्याला सांगायला नको. पाइप गळतो, तो बहुधा सांध्यावरच.

आणखी एक हिशेब बघा. जुन्या रीतीने एका इंजिनाला ५६५ किलो धातू घ्यावा लागे. नव्या रीतीने १३.७ किलो भुकटी पुरली. म्हणजे पूर्वी एका इंजिनाला लागणाऱ्या वजनात आता ४१ इंजिने होतील. वेळही शेकडा ६० ने कमी झाला. ९ मे २०२४ रोजी तामिळनाडूत महेंद्रगिरी इथे हे इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. म्हणजे अकरा मिनिटांहून थोडे जास्त. ते परीक्षेत उतरले.

मग सगळेच छापावे का?

नाही. हे यंत्र सावकाश चालते. एक बादली छापायला काही तास जातील. तेवढ्यात साच्याचे यंत्र शेकडो बादल्या काढील. धातूची भुकटी महाग असते. सोऱ्याच्या तऱ्हेने केलेली वस्तू कधी कधी थराथरात सुटते, जसे कच्च्या भिंतीचे पापुद्रे सुटतात.

तेव्हा खूणगाठ बांधा. एकसारख्या लाखो वस्तू हव्यात, तिथे साचा बरा. एकच हवी, वेगळी हवी, किंवा आतून पोकळ नि गुंतागुंतीची हवी, तिथे छपाई बरी. माणसाचे दोन कानसुद्धा अगदी एकसारखे नसतात. एका कानासाठी महागडा साचा कोण करील? म्हणूनच माणसागणिक करायची कानाच्या यंत्राची कवचे आज जगात बहुतेक छापूनच होतात.

एक खरा प्रश्न

हे सगळे आम्ही वर्गात सांगितले. आमच्या वर्गात लोहारकाम करणारे एक गृहस्थ येतात. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, १९ सांधे वाचले म्हणता. पण ते जोडणाऱ्याच्या पोटाचं काय?"

प्रश्न खरा होता. खोटा धीर देणे मास्तरला शोभत नाही. आम्ही म्हणालो, "दादा, तेवढं काम गेलं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण सगळं काम गेलेलं नाही. छापलेल्या धातूच्या वस्तूला आधाराचे तुकडे चिकटलेले असतात. ते कापावे लागतात. पृष्ठभाग घासावा लागतो. माप तपासावं लागतं. धातूचा स्वभाव ओळखणारा हात तिथंही लागतो. मात्र त्या हाताला आता चित्र आणि आकडा वाचता आला पाहिजे."

ते उठून फळ्यापाशी आले. फळ्यावर १३.७ लिहिले होते. त्यांनी वाचले, "एकशे सदतीस."

वर्गात कोणी हसले नाही. आम्ही त्या टिंबावर बोट ठेवले. म्हटले, "हे दशांश चिन्ह. तेरा पूर्ण, आणि वर एकाचे सात दहावे भाग. हे टिंब दिसलं नाही, तर माप दहापट होतं. यंत्राला आपली चूक कळत नाही. सांगितलेलं माप ते मुकाट्यानं करतं."

त्यांनी खडू मागून घेतला. आमच्या मोजपट्टीवर आपल्या अंगठ्याच्या नखाची रुंदी मोजली आणि लिहिली, १.६ सेंटिमीटर. मग जागेवर, शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथूनच म्हणाले, "एक पूर्णांक सहा दशांश."

आम्हाला ते स्पष्ट ऐकू आले.

आता तुम्ही सांगा

१. वस्तू करण्याच्या तीन रीती कोणत्या? प्रत्येकीचे तुमच्या गावातले एक उदाहरण द्या.
२. बादलीला साचा बरा आणि कानाच्या यंत्राला छपाई बरी, असे का?
३. १३.७ आणि १३७ यांत फरक काय?
४. तुमच्या अंगठ्याच्या नखाची रुंदी मोजा आणि दशांश चिन्ह देऊन लिहा.