टाकी भरलेली, तरी गाडी बंद!

कार्ब्युरेटरची मोटारसायकल पाच-दहा किलोमीटर सुरळीत धावते, मग आचके देऊन बंद पडते. टाकीत पेट्रोल असते. थोडा वेळ थांबले की ती पुन्हा सुरू होते आणि पुढे परत तोच प्रकार! जाणता मेकॅनिक अशा वेळी प्रथम टाकीचे झाकण उघडतो. ‘स्स्’ असा आवाज होऊन हवा आत शिरली, तर दोष सापडला असे समजावे. असे का?

टाकी वर असते व कार्ब्युरेटर खाली. पेट्रोल आपल्याच वजनाने नळीतून फ्लोट चेंबरमध्ये उतरते. जेवढे पेट्रोल जाते तेवढी जागा टाकीत रिकामी होते. ती भरायला झाकणातील बारीक छिद्रातून हवा आत येते. धूळ वा गंज यांनी हे छिद्र बुजले, की आतल्या हवेचा दाब घटू लागतो.

तो किती घटला की प्रवाह थांबेल? हिशेब करू. टाकीतील पेट्रोलची पातळी फ्लोट चेंबरपेक्षा ३० सेंटिमीटर उंच आहे असे माना. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने हा दाब सुमारे २२ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका होतो. वातावरणाचा दाब मात्र सुमारे १,०३० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे टाकीतील दाब केवळ २ टक्के घटला, तरी पेट्रोल खाली उतरणे थांबते! टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आतील हवा थोडी असते. त्यामुळे बॉइलच्या नियमानुसार हा दाब लवकर घटतो. गाडी थांबल्यावर फटींतून हळूहळू हवा झिरपते, म्हणून ती पुन्हा सुरू होते.

झाकण उघडूनही नळीतून पेट्रोल येत नसेल, तर कॉकची जाळी किंवा नळी तुंबलेली असते. नळीतून येते पण फ्लोट चेंबर कोरडा आहे, तर सुईची झडप अडकलेली असते. चेंबर भरलेला असूनही इंजिनला पेट्रोल मिळत नसेल, तर जेट किंवा चेंबरचे स्वतःचे हवेचे छिद्र पाहावे. दोष शोधताना टाकीपासून इंजिनकडे क्रमाने जावे. उगाच सगळा कार्ब्युरेटर खोलू नये.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ नियम लागू झाले व नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शनने घेतली. तेथे पंप असला, तरी टाकीत हवा जाण्याची सोय लागतेच.

पेट्रोल ज्वालाग्राही आहे. त्याच्याशी प्रयोग करू नका. जाड बाटलीच्या तळाजवळ बारीक छिद्र पाडा, पाणी भरा आणि बूच घट्ट लावा. धार थांबेपर्यंत किती पाणी बाहेर येते ते मोजा. बाटली पूर्ण भरलेली असताना व अर्धी भरलेली असताना येणाऱ्या उत्तरांत फरक का पडतो, याचा वर्गात विचार करा.