औषधाच्या आधी व्यवस्था

वेल्ह्याकडील पानशेत हे नाव ज्याने ऐकले नाही असा मनुष्य आमच्या वाचकांत विरळा. आंबी नदीवरील तेथील धरणाचे काम पुरते झाले नव्हते, तोच 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले, आणि त्या वर्षीच्या जुलै महिन्याच्या 12 तारखेस सकाळी ते फुटले. खाली खडकवासल्याचे जुने दगडी धरण होते. तेही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही, आणि मुठेचे पाणी पुणे शहरात शिरले. आदल्या रात्री सैन्याच्या जवानांनी खचत चाललेल्या बांधावर वाळूची पोती रचून तो कसाबसा धरून ठेविला होता. म्हणून धरण रात्री न फुटता दिवसाउजेडी फुटले, आणि माणसे जागी असल्यामुळे पुष्कळांस पळून जाता आले. त्या एका रात्रीच्या मेहनतीने किती जीव वाचले ह्याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

परंतु त्या पुराचे वर्णन करण्यास आम्ही आज बसलो नाही. पाणी ओसरल्यानंतर काय स्थिती झाली तिकडे वाचकांनी लक्ष द्यावे. गल्लोगल्ली चिखल, आणि प्यावयास मात्र पाणी नाही. कारण ज्या धरणातून शहरास पाणी मिळे तेच वाहून गेले होते. हजारो माणसे बेघर झाली. अशा ठिकाणी अतिसार, पटकी व विषमज्वर ही वाट पाहत बसलेलीच असतात. पुण्यासारख्या शहरात डॉक्टरांची वाण नव्हती, औषधांच्या दुकानांचीही नव्हती. जे हवे होते ते असे की, कोणते काम आधी व कोणते मागाहून, आणि कोणी कोठे जावयाचे, हे एके ठिकाणी बसून कोणी ठरवावे. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने मदतीच्या व पुनर्वसनाच्या कामासाठी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांस पाचारण केले, त्याचे मर्म हेच होय.

लग्नघरी दहा बाया स्वयंपाकात आहेत, आणि प्रत्येकीने आपापल्या मनाने आमटीत मीठ घातले, तर काय होईल? प्रत्येकीचा हेतू चांगला, मीठही चांगले. परंतु पंगत उपाशी उठेल. मोठ्या संकटात आरोग्यसेवेचे पुष्कळ वेळा असेच होते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंप झाला, तेव्हा सबंध महाराष्ट्र मदतीस धावला. ते धावणे धन्य होय ह्यात शंका नाही. तथापि अशा वेळी धावणाऱ्यांच्या गाड्यांनीच वाटा अडतात, जुन्या कपड्यांचे ढीग उघड्यावर भिजत पडतात, आणि नावे न वाचता येणाऱ्या किंवा मुदत संपलेल्या औषधांची खोकी निवडीत बसण्यातच कंपौंडरचा दिवस जातो. 12 जानेवारी 2010 रोजी हैती देशात भूकंप झाला, तेव्हा परदेशांतून वैद्यकांची पथकांमागून पथके उतरली. त्यांतील काहींनी जखमींचे हातपाय कापले, परंतु कागद लिहून ठेविला नाही, आणि पुढे त्या रोग्यांकडे पाहणारे कोणी राहिले नाही. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने अशा पथकांसाठी नियम घातले: आपण काय करू शकतो व काय करू शकत नाही हे पथकाने आधी सांगावे, उतरताच नाव नोंदवावे, आणि त्या देशाच्या आरोग्यखात्याने जेथे पाठविले तेथेच जावे.

आता कोणी म्हणेल की, एका मनुष्याच्या हाती सत्ता दिली म्हणजे काम झाले. तसे नाही. ह्याच पुणे जिल्ह्याने त्याचा कडू अनुभव घेतला आहे. 1897 साली पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाच्या हाती सर्व अधिकार एकवटला होता. गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधीत, माणसांस उचलून नेत आणि सामान बाहेर काढीत. हुकमाची वाण नव्हती, परंतु विश्वास नव्हता. त्याचा परिणाम असा झाला की, लोक आपले आजारी माणूस लपवू लागले. जेथे आजारी माणूस लपविले जाते तेथे मोजणी खोटी होते, आणि मोजणी खोटी झाली म्हणजे साथ कोठे आहे हे सरकारासही कळत नाही. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर पुत्राच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. ज्या हातास लोक भीत आणि ज्या हातास लोक आपले लेकरू देत, अशा दोन हातांतील भेद येथे दिसतो. व्यवस्था एका मेजावरून चालावी हे खरे; परंतु त्या मेजापर्यंत खरी बातमी पोहोचविणारा मनुष्य गावचाच असावा लागतो.

तो मनुष्य कोण? आमच्या खेड्यांतील शिक्षक व उपदेशक बंधूंनी हा प्रश्न आपणांसच विचारावा, असे आम्ही म्हणतो.

प्रथम आपल्या तालुक्यांत मेज कोठे मांडले जाते हे समजून घ्यावे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालते, आणि तालुक्यात तहसीलदारांकडे येते. आरोग्याच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. गावचे उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र ही जिल्हा परिषदेची, आणि त्यांवर जिल्हा आरोग्य अधिकारी असतात. भोरचे उपजिल्हा रुग्णालय व वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय ही मात्र शासनाची, आणि त्यांवर जिल्हा शल्यचिकित्सक असतात. म्हणजे एकाच रोग्याच्या वाटेवर दोन घरची माणसे उभी आहेत. सुखाच्या दिवसांत ह्याने बिघडत नाही. संकटाच्या दिवशी दोघांस एकत्र बसविले नाही, तर आरोग्य केंद्र रोगी पाठवीत राहील आणि रुग्णालयात खाट नाही हे त्यास रात्री कळेल.

दुसरी गोष्ट बातमी. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. गाव दिसत नाही हे प्रथम एस.टी. बसच्या चालकाच्या ध्यानी आले. दीडशेहून अधिक माणसे त्या मातीत गेली. त्या रात्री घरात कोण निजले होते, कोण मुंबईस गेले होते, कोणाच्या घरी पाहुणे आले होते, हे सांगणारीच माणसे मातीखाली. आमचे भोर व वेल्ह्याचे पश्चिमेकडील गाव माळीणसारखेच डोंगराच्या उतरणीस बसलेले आहेत. वरंध घाटात दरड आली म्हणजे महाडकडची वाट तुटते. भाटघरच्या जलाशयाकाठच्या वाड्यांस पावसात वळसा घ्यावा लागतो. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून आहे, गरोदर बायांस 102 आहे, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. परंतु गाडी रस्त्याने येते, आणि रस्ताच नसेल तर पहिले काही तास, कधी सबंध दिवस, गावास गावावरच अवलंबून राहावे लागेल.

ह्यास्तव प्रत्येक वाडीची यादी पावसापूर्वी लिहिलेली असावी. तीत नुसती नावे नकोत. कोणती बाई दिवसांत आहे व तिला कितवा महिना, कोणास क्षयाचे औषध चालू आहे, कोणास इन्शुलिन लागते, कोण अंथरुणास खिळलेला आहे, हे त्यात असावे. आशाताईंच्या वहीत ह्यांतील बरेचसे लिहिलेले असतेच. त्यांजकडे जाऊन बसावे, त्यांस डावलून दुसरी वही करू नये. 2020 साली कोविडच्या दिवसांत मुंबईपुण्याहून माणसे गावी परतली, तेव्हा घरोघर फिरून मोजणी ठेवणाऱ्या ह्याच बाया होत्या. यादीची एक प्रत गावाबाहेर, आरोग्य केंद्रात किंवा दुसऱ्या गावच्या शिक्षकाकडे ठेवावी. माळीणची आठवण ठेविली म्हणजे असे का म्हणतो ते कळेल.

बातमी देणारा मनुष्य एकच असावा. वीस जणांनी वीस फोन केले तर अधिकाऱ्यास वीस निरनिराळ्या संकटांची बातमी पोहोचते. जखमी किती, त्यांतील चालू शकणारे किती, वाट कोठपर्यंत खुली, प्यावयाचे पाणी आहे की नाही, एवढे सांगितले तरी पुरे. “फार वाईट झाले, लवकर या” ह्या शब्दांनी वरच्या मेजावर काहीच ठरविता येत नाही.

जखमींच्या निवडीविषयीही दोन शब्द लिहितो. मदतपथके आल्यावर रोग्यांच्या अंगावर रंगीत चिठ्ठी बांधतात: तांबडी म्हणजे आताच न्यावा, पिवळी म्हणजे थोडा थांबू शकेल, हिरवी म्हणजे चालता येणारा, आणि काळी म्हणजे मृत अथवा ज्यास वाचविण्याचा उपाय त्या वेळी हाती नाही असा. हे पाहून गावकऱ्यांस राग येतो, व तो स्वाभाविक आहे. आपला म्हातारा आधी नेला नाही आणि शेजारचा पोरगा नेला, हे कोणास सोसेल? परंतु ध्यानात ठेवावे की, जो मोठ्याने ओरडत आहे त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडला आहे त्याकडे आधी पाहावे. ही समजूत लोकांस शांततेच्या दिवसांत दिली पाहिजे. त्या घटकेस ती कोणाच्या गळी उतरणार नाही.

मृतांच्या बाबतीत एक भ्रम फार पसरला आहे. दरडीत किंवा पुरात मेलेल्यांच्या देहांमुळे साथ येते असे समजून त्यांस घाईने एकत्र अग्नी देतात वा पुरतात. जखमांनी किंवा बुडून मेलेल्यांच्या देहांपासून साथ पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पटकीसारख्या रोगाने मेलेल्यांची गोष्ट निराळी. तेव्हा ओळख पटवून, नाव लिहून, शक्य तर छायाचित्र घेऊन मगच अंत्यविधी करावा. ज्या विधवेस आपला धनी कोठे पुरला हे कळत नाही, तिचे दुःख संपत नाही. आणि दाखल्यावाचून तिची मदतही अडते.

साथ येते ती पाण्यातून. आश्रयास आलेल्या प्रत्येक माणसास दिवसास निदान 15 लिटर पाणी, आणि 20 माणसांमागे एक शौचकूप, हे प्रमाण मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी जगभर मान्य केले आहे. आमच्या गावांत पाणी शुद्ध करण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. चांगली ब्लीचिंग पावडर असेल तर 1000 लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम पुरते. ती कालवून वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे व तासभर थांबावे. पूर येऊन गेल्यावर किती घालावी हे आरोग्य सेवकास विचारावे. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेली पावडर ही पांढरी धूळच समजावी.

अतिसार झालाच तर काय करावे, ह्याचे उत्तर आपल्याच देशात सापडले आहे. 1971 साली बांगलादेशातून निर्वासित बंगालात आले, आणि बनगाव येथील छावणीत पटकी सुरू झाली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व मिठाची पुडी पाण्यात मिसळून पिण्यास दिली, आणि ती पाजण्याचे काम रोग्यांच्या आप्तांवर सोपविले. जेथे शंभरांत तीस मरत तेथे चारांहूनही कमी मरू लागले. ह्या गोष्टीत डॉक्टरांचे चातुर्य आहेच. परंतु आई आपल्या लेकरास पेल्याने पाजीत बसली, म्हणून एक डॉक्टर शेकडो रोग्यांस पुरला, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा घालावा. मीठ अधिक होऊ देऊ नये, ते घातक ठरते. हे सुरू करूनही लेकरू मलूल पडू लागले तर त्यास आरोग्य केंद्रात न्यावेच.

हा पाठ वर्गात घेताना उपदेशकांनी नकाशा मागविण्याची गरज नाही. जमिनीवर काठीने आपली वाडी, ओढा, डोंगराची बाजू, शाळा व विहीर काढावी, आणि मुलांसुद्धा सर्वांस विचारावे: ओढा चढला आणि वीज गेली, तर बाळंतीण होऊ घातलेली बाई कोणत्या वाटेने नेता येईल, डोली कोणाच्या घरी आहे, आणि ती उचलणारे चार गडी त्या दिवशी गावात असतील की पुण्यास कामाला गेलेले असतील? बहुतेक वाड्यांत ह्या शेवटच्या प्रश्नापाशीच वर्ग थांबेल. तेथे थांबून, शेजारच्या वाडीतील माणसांस पुढील आठवड्यात बोलवावे आणि दोन्ही वाड्यांची मिळून नावे लिहावी.