मालकी आपली, उपयोग मात्र नकाशाप्रमाणे

प्रश्न : वरठीच्या गावठाणालगत आमची वडिलोपार्जित शेतजमीन आहे. सातबारा आमच्या नावे असताना तेथे घर व दुकान बांधण्यास हरकत कोणती?
— एक वाचक, वरठी

उत्तर : सातबारा हा महसुली दप्तरातील अधिकार-अभिलेख होय, जमिनीचा विनियोग कोणत्या कारणासाठी करावा, याचा निर्णय मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये मंजूर होणाऱ्या योजनेच्या नकाशावरून होतो. ज्या वरठीत एका बाजूस भंडारा रोड स्थानक, दुसऱ्या बाजूस पोलादाचा कारखाना आणि सभोवार धानाची बांधी आहे, तेथे निवासी, औद्योगिक व कृषी विभागांच्या सीमा आखल्या नाहीत, तर धुराड्याच्या छायेत शाळा आणि पाटाच्या मार्गात भिंत उभी राहावयास विलंब लागणार नाही.

म्हणून प्रथम नगररचना कार्यालयात गटनंबर देऊन विभागाचा दाखला मागावा. जमीन महसूल संहितेनुसार गावठाणालगतच्या जमिनीस अकृषिक वापराची कोणती सवलत लागू आहे, याची तहसील कचेरीत चौकशी करावी. परंतु ती मिळाली तरी बांधकामाची रीतसर परवानगी स्वतंत्रपणे घ्यावीच लागते, आणि दुकानाचा उल्लेख अर्जात आरंभीच करणे श्रेयस्कर.