अर्जातील ‘वार्षिक उत्पन्न’ : अर्थ आणि हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. या नगरीत कारखान्याचा कायम कर्मचारी आणि ठेकेदाराकडील कामगार हे दोघेही राहतात. कर्जाच्या अर्जातील ‘वार्षिक उत्पन्न’ हा रकाना पहिल्याला सोपा वाटतो, कारण त्याच्या हाती वेतनपत्रक असते. तरीही बँक पाहते ती भविष्य निर्वाह निधी, पतसंस्थेचा हप्ता इत्यादी कपातींनंतर उरणारी रक्कम. जादा कामाचा मोबदला दरमहा सारखा नसल्याने तो सहसा पूर्णपणे जमेस धरला जात नाही.

खरा प्रश्न दुसऱ्याचा आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्मवित्त कर्जाची व्याख्या ठरविली. वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज ते सूक्ष्मवित्त कर्ज. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले. सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत, हे बंधनही त्यात आहे.

समजा, अशा कामगाराला महिना १४,००० रुपये मजुरी मिळते. पण ठेका बदलताना एक महिना रिकामा जातो. म्हणजे वर्षाचे १,५४,००० रुपये. पत्नीच्या शिवणकामाचे ३६,००० आणि राज्य शासनाच्या महतारी वंदन योजनेचे १२,००० रुपये. शिवाय गावी स्वतःच्या नावावर दोन एकर धानशेती. छत्तीसगडमध्ये २०२३-२४ च्या हंगामापासून एकरी २१ क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३,१०० रुपये या हिशेबाने घेतले जाऊ लागले. त्यानुसार १,३०,२०० रुपये येतात. ही सारी रक्कम मांडली तर बेरीज ३,३२,२०० होते आणि कुटुंब मर्यादेबाहेर जाते. परंतु बियाणे, खत, मजुरी यांचे ५०,००० रुपये वजा केल्यास ती २,८२,२०० भरते. धानविक्रीची पावती हे उत्पन्न नव्हे, ती उलाढाल आहे. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही म्हणून ते अर्जात लिहायचे नाही, हा समजही तितकाच चुकीचा.

या हिशेबाने महिन्याचे उत्पन्न सुमारे २३,५०० रुपये आणि हप्त्यांची कमाल मर्यादा सुमारे ११,७५० रुपये येते. मोठ्या कर्जाच्या आशेने आकडा फुगविला, तर ही मर्यादा कागदावरच वाढते. रिकाम्या महिन्यात हप्ता भरायचा तो खऱ्या मिळकतीतूनच. जमीन विकून आलेला पैसा, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम किंवा नातेवाइकाकडून घेतलेली उसनवारी खात्यात दिसते खरी, पण ती पुन्हा येणारी मिळकत नाही.

साहाय्याच्या अर्जात मोह उलटा असतो. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये ३ लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ६ लाखांपर्यंत अल्प आणि ९ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट धरला आहे. येथेही कुटुंबाची व्याख्या तीच. त्यामुळे वडिलांच्या नावावरील शेतीचे उत्पन्न विवाहित मुलाच्या उत्पन्नात आपोआप मिळवले जात नाही. पत्नीचे शिवणकाम मात्र मिळवावेच लागते, आणि नेमके तेच ‘घरचे काम’ म्हणून गाळले जाते.

रिझर्व्ह बँकेने उत्पन्नाचा अंदाज किमान वर्षभराच्या मिळकतीवरून घेण्यास सुचविले आहे. कामगाराने म्हणून एका चांगल्या महिन्याची नोंद न दाखविता बारा महिन्यांचे पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि धान खरेदी केंद्राची पावती खर्चाच्या हिशेबासह जोडावी.