तीन नाणी आणि एक जुना वाद

बिदरच्या कारागिराने घडविलेल्या दोन डब्यांची एक जोडी आहे, अशी कल्पना करा. एकावर चांदीची वेल, दुसऱ्यावर फूल. दोन्ही डबे कापडात बांधून एक कलबुर्गीस आणि दुसरा नांदेडास पाठविला. कलबुर्गीच्या गृहस्थाने गाठोडे सोडले व त्यास वेल दिसली की, नांदेडास फूल पोहोचले हे त्यास तत्काळ कळते. यात नवल कसले? कोणता डबा कोठे जाणार हे बिदर सोडतानाच ठरलेले होते. गाठ सोडल्याने केवळ त्याचे अज्ञान दूर झाले.

आता डब्यांच्या जागी एकाच उगमातून निघालेले जुळे प्रकाशकण घ्या. त्यांचे गुण आधीच ठरलेले असले पाहिजेत, आणि पुंजयामिकी ते सांगत नसेल तर ती अपुरी होय, असा पक्ष आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी १९३५ साली मांडला. नील्स बोर यांना तो मान्य नव्हता. मापनाची मांडणी सांगितल्यावाचून त्या गुणाविषयी बोलणेच निरर्थक, असे त्यांचे म्हणणे. (बिदरी भांड्याचे जस्त-तांब्याचे मिश्रण मुळात काळे नसते, किल्ल्यातील मातीचा संस्कार झाला म्हणजे ते काळे होते. बोर यांच्या बाजूने ही उपमा सुचते, परंतु ती फार ताणू नये.) श्रोडिंगरच्या मांजराची गोष्टही त्याच वर्षाची, ती पुष्कळांनी ऐकली असेल, म्हणून येथे सांगत नाही.

हा वाद केवळ मताचा आहे, प्रयोगाने तो कधीच सुटणार नाही, अशी समजूत पुढे जवळजवळ तीस वर्षे होती. १९६४ साली बेलफास्ट येथे जन्मलेल्या जॉन बेल यांनी ती चुकीची ठरविली. त्यांच्या युक्तिवादाचे एक सोपे रूप आपणांस घरी करून पाहता येईल.

तीन नाणी आपल्या मर्जीप्रमाणे छाप किंवा काटा वर करून मांडा व रुमालाने झाका. मित्रास त्यांपैकी कोणतीही दोन उघडण्यास सांगा. नाणी तीन आणि बाजू दोनच; तेव्हा निदान दोन नाणी सारखी असणारच. जोड्या तीन होतात, त्यांतील एक तरी सारखी. म्हणून मित्राने न पाहता जोडी निवडली, तर सारखेपणा तीनांत निदान एकदा यावा. तुम्ही कितीही लबाडीने मांडणी करा, याहून खाली जाता येत नाही.

जुळ्या प्रकाशकणांपुढे ध्रुवक ठेवून ‘पार जातोस की अडतोस?’ असा प्रश्न तीन कोनांत विचारता येतो : ०, ६० व १२० अंश. दोघांना एकाच कोनात विचारले तर उत्तरे नेहमी सारखी येतात. ही उत्तरे उगमापाशीच ठरली असतील, आणि एकास विचारलेल्या प्रश्नाचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर प्रत्येक कण जणू तीच तीन नाणी झाकून नेतो. मग निरनिराळ्या कोनांत विचारल्यास सारखेपणा एकतृतीयांशाहून कमी येता कामा नये. पुंजयामिकीचे गणित मात्र सांगते : एकचतुर्थांश!

याच जातीच्या कसोट्या क्लाउझर व फ्रीडमन यांनी १९७२ साली, व अधिक काटेकोरपणे आस्पे यांनी १९८२ साली घेतल्या. निसर्गाने पुंजयामिकीचा आकडा उचलून धरला. क्लाउझर, आस्पे व झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आइन्स्टाइन १९५५ सालीच निवर्तले होते.

मग बोर जिंकले काय? तसेही नाही. डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मतात कणाला निश्चित स्थान असते, पण दूरच्या घटनेचा त्यावर तत्क्षण प्रभाव पडतो. एव्हरेट यांच्या १९५७ च्या मतात दोन्ही उत्तरे घडतात, निरनिराळ्या शाखांत. तिघेही तोच एकचतुर्थांश देतात. म्हणून हा प्रयोग त्यांच्यात निवड करू शकत नाही. बेल यांनी मोडले ते डब्यांचे साधे चित्र. प्रस्तुत लेखकास ते चित्र सोडताना आजही हळहळ वाटते.

हीच कसोटी एकाच वस्तूला निरनिराळ्या वेळी प्रश्न विचारून घेण्याची युक्ती लेगेट व अनुपम गर्ग यांनी १९८५ साली सुचविली. आपल्याच राज्यात, बेंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेत ऊर्वशी सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती एकेका प्रकाशकणावर घेतली व निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध केले. तेथेही प्रकाशकणाने नाण्यांचा हिशेब मानला नाही.